नावं कोरलेले दगड घ्यायचे असतील तर कात्रजचं हे ग्रॅनाइटचं दुकान बघाच

आमच्या ग्राउंडबाहेरच्या वाटेत क्लबच्या जुन्या खेळाडूंच्या नावांचे दगड बसवायचे होते, शिकागोच्या रिग्ली फील्ड या बेसबॉल स्टेडियमबाहेर चाहत्यांच्या नावांच्या विटा बसवल्या होत्या ना तसेच. काम एक नंबर झालंय. सँडब्लास्टिंगने (वाळूच्या जोरदार फवाऱ्याने) खोल कोरलंय, अनुस्वार वेलांट्या सगळं ठसठशीत, आणि पॉलिश न ठेवता फ्लेम फिनिश (ज्योतीने तापवून खडबडीत केलेलं) दिलंय त्यामुळे पावसात पाय सटकत नाही. रंग भरू नका असं दुकानातल्या काकांनीच सांगितलं, चपलांनी रंग आधी उडतो. डिलिव्हरी मात्र लेट, म्हणून ४ स्टार.

आता नावावर पाय पडतो म्हणून एकदोन घरचे नाराज झाले. मला तर हा मानच वाटतो, नामदेव महाराजांनी संतांची पायधूळ लागावी म्हणून पंढरपूरला पायरीचीच जागा मागितली, रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव आहेच की! तरी ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांचे दगड काकांनी सुचवल्याप्रमाणे कडेच्या ओळीत घेतले. चाला बिनधास्त, पण त्यावर गाडी लावणं आणि पिंक टाकणं अजिबात नको.