हायब्रिड सायकल, 1 वर्ष, 4,686 किमी. टार्गेट 5,000 होतं

मागच्या जानेवारीत घेतली. तीस हजारांच्या आतली साधी हायब्रिड (रोड आणि माउंटन सायकलच्या मधली), 700×38 चे टायर, 3×8 गिअर, डिस्क ब्रेक. कंपनीचं नाव लिहीत नाही, या किमतीत सगळ्या उन्नीस-बीस आहेत आणि भावाने दुसऱ्या कंपनीची घेतलीये, घरात भांडण नको. मी साताऱ्यात राहते, वय 43, नोकरी दहा ते सहा, म्हणजे जे काय ते पहाटेच.

5,000 हा आकडा फक्त गोल दिसला म्हणून धरला. आठवड्याला 96 किमी पडतात, कागदावर काहीच वाटत नाही, पण एक रविवार लग्नात गेला की पुढच्या आठवड्याच्या डोक्यावर येतात आणि मग मंगळवारी पाच वाजता उठताना स्वतःलाच शिव्या द्यायच्या.

खरी गंमत वेगळीच झाली. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट लागतो, वर कासपर्यंत साधारण 25 किमी, चढ चांगला साडेचारशे मीटरच्या वर. सायकल घेतली होती ती या रस्त्यासाठीच. पण घाटात माझा स्पीड 8-9, कासला जाऊन यायला चार तास आणि हातात पडतात 50 किमी. तेवढ्याच वेळात हायवेने भुईंजच्या पुढे जाऊन आलं तर 70 होतात. झालं, फेब्रुवारी ते मे मी घाटात दोनदा गेले, फक्त दोनदा! बाकी सगळं हायवेला ट्रकच्या धुरात. जूनअखेर 2,640 झाले, ग्रुपवर अंगठे मिळाले, आणि सकाळी निघायचा उत्साह मात्र पार गेला होता. हे माझ्या डोक्यात शिरायला ऑगस्ट उजाडला.

हायवेचा अजून एक प्रसाद म्हणजे पंक्चर. फुटलेल्या ट्रक टायरच्या केसासारख्या तारा कडेला पडलेल्या असतात, त्या टायरमध्ये रुततात आणि बाहेरून दिसत नाहीत. मी एकाच आठवड्यात तीन ट्यूब बदलल्या, प्रत्येक वेळी तार आतच. शेवटी सायकलवाल्याने सांगितलं, ताई, कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा, जिथे अडकेल तिथे तार. तसंच निघालं. बाभळीचा काटा त्या मानाने प्रामाणिक, दिसतो तरी. आणि थंडीत पहाटे ऊसाच्या ट्रॉल्या, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, एकदा अगदी दहा फुटांवर आल्यावर दिसली. त्यानंतर पुढचा लाइट चांगला घेतला, जॅकेट घेतलं आणि उजाडायच्या आत हायवेला जाणं बंद.

सीट. सगळ्यात जास्त पैसे इथे वाया गेले. सुरुवातीला जेलचं कव्हर घेतलं, मऊ मऊ, तासाभरात मुंग्या. ते काढून फेकलं, थोडी रुंद पण कडक सीट बसवली आणि पॅडवाली शॉर्ट घेतली (आत दुसरं काही घालायचं नसतं, हे मला दोन महिने कुणी सांगितलं नाही, आणि विचारणार कुणाला). वरून सैल पँट घालते, कॉलनीतल्या काकूंचा प्रश्न मिटला. डाव्या हाताची करंगळी बधीर व्हायची, हँडल जरा वर घेतल्यावर थांबलं.

पावसात जुलैचे फक्त 90 किमी, ते पण दळण आणि भाजीचे. ते मोजायचे का यावर घरात चर्चा झाली, मी मोजले. ब्रेक पॅड पावसातल्या घाटउतारांनी संपले, करकर आवाज आल्यावर कळलं. चेन 3,400 ला बदलली, जरा उशीरच झाला, आता मागचं एक चक्र जोर दिला की घसरतं. चेनचं कोरडं ल्यूब (तेल) पावसात दोन दिवसांत धुऊन जातं, ओलं वापरा आणि दर रविवारी फडक्याने पुसा. बाकी गिअर, रिम, फ्रेम सगळं ठणठणीत.

सप्टेंबरात एका बुधवारी रजा टाकून कासला गेले, शनिवार-रविवारी फुलं बघायला येणाऱ्या गाड्यांमधून सायकल काढणं म्हणजे वैताग. धुकं होतं, पठार नीट दिसलंच नाही, तरी परत येताना एकटीच मोठ्याने गाणं म्हणत होते. हायवेवर असं एकदाही झालं नव्हतं. त्या दिवसापासून घाट पुन्हा सुरू, महिन्याचा आकडा पडला तो पडलाच.

तरी डिसेंबरात खाज आली. 200 किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करून एका दिवसात भर टाकू असं ठरवत होते, साडेतेरा तास मिळतात, पण सलग 70 च्या वर मी कधी गेलेच नव्हते, म्हणून गप्प बसले. 27 तारखेला 314 राहिले होते आणि घरात पाहुणे. नणंद म्हणाली वहिनी जाऊन या, आम्ही करतो स्वयंपाक. नाही गेले.

या वर्षी किलोमीटर लिहीतच नाहीये. कॅलेंडरवर यवतेश्वर वर गेले की पेनाने टिंब, 60 टिंबं करायचीत. आत्तापर्यंत 11 झालीत, त्यातलं एक अर्ध्यातून परत आल्याचं आहे, कुत्री मागे लागली होती, ते धरलंय मी.