सत्कार की आधार : हाउसकीपिंग कंपनीने कर्मचाऱ्यांसाठीचा पैसा कुठे लावावा?

दोनशे-तीनशे माणसे सांभाळणाऱ्या हाउसकीपिंग ठेकेदाराकडे पगार, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), बोनस, गणवेश आणि केमिकलची बिले भागवल्यानंतर कर्मचाऱ्यांसाठी म्हणून जी रक्कम उरते, ती एवढी थोडी असते की तिच्यातून एकच काम धडपणे होऊ शकते. ती महिन्याच्या उत्कृष्ट कर्मचाऱ्याचा सत्कार, प्रशस्तिपत्र, भेटवस्तू आणि वार्षिक मेळावा यांवर खर्च करावी, की अडचणीच्या दिवसाची भरपगारी सुट्टी, बिनव्याजी उचल आणि सरकारी कागदपत्रांची मदत यांसाठी राखून ठेवावी, हा निर्णय ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. पुण्यात हिंजवडी आणि खराडीच्या आयटी इमारती, एक रुग्णालय आणि काही गृहसंकुले अशा साइट्सवर मी दोन्ही मार्ग चालवून पाहिले आहेत. पगार ठरलेल्या तारखेला पूर्ण आणि बँकेत जमा होतो हे येथे गृहीत धरले आहे. ते होत नसेल तर या दोन्हींपैकी कशालाच अर्थ उरत नाही.

सत्काराची बाजू आधी मांडतो, कारण तिला दिखाऊपणा म्हणून झटकणारी माणसे साइटवर फारशी गेलेली नसतात असा माझा अनुभव आहे. रोज सात मजल्यांची स्वच्छतागृहे धुणाऱ्या बाईंना त्या इमारतीत बहुतेक जण केवळ मावशी म्हणूनच ओळखतात. ग्राहक कंपनीच्या ॲडमिन प्रमुखांनी एकदा माइकवरून त्यांचे पूर्ण नाव आडनावासह घेतले की पुढे लिफ्टमध्ये भेटणारी मंडळी त्यांना नावाने विचारू लागतात, आणि हा बदल पुष्कळ दिवस टिकतो. प्रशस्तिपत्र फ्रेम करून घरात लावले जाते, आल्यागेल्याला दाखवले जाते. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगार पुरस्कार मिळालेली माणसे पुढे कित्येक वर्षे आपल्या नावाच्या पाटीवर तो उल्लेख करतात, तो उगाच नव्हे. शिवाय सत्काराचा खर्च आधीच ठरवता येतो, ग्राहकाला तो दिसतो आणि ठेक्याच्या नूतनीकरणाच्या बैठकीत तो मांडताही येतो. भेटवस्तू द्यायचीच असेल तर मोबाइलवर येणाऱ्या कूपनापेक्षा कुकर किंवा स्टीलचा डबा द्यावा, एवढेच सुचवतो.

मला शेवटी जी गोष्ट खटकली, ती निवडीची. कागदावर निकष उत्तम असतात: कामाचा दर्जा, वागणूक, शिस्त, सुरक्षेची काळजी. पण वेगवेगळ्या साइट्सच्या सुपरवायझरांनी पाठवलेली नावे एका रांगेत ठेवली की त्यांची तुलना कशी करायची हेच कळत नाही. एक सुपरवायझर सगळ्यांचे कौतुक करतो, दुसरा कोणाचेच करत नाही. दर्शनी काचा पुसणाऱ्याचे काम सर्वांना दिसते, तळघरातील गटाराची जाळी मोकळी करणाऱ्याचे काम ती तुंबली तरच आठवते. आणि रात्रपाळीत तर पाहायला ग्राहकाचा कोणी अधिकारीच नसतो. अशा वेळी निर्णय करणारी व्यक्ती, कितीही प्रामाणिक असली, तरी सर्व साइट्सवर सारखाच असलेला एकमेव कागद उघडते, आणि तो कागद म्हणजे मस्टर, अर्थात हजेरीपत्रक. ज्याचा महिन्यात एकही खाडा नाही, त्याचे नाव वर येते. ठेकेदाराला हे सोयीचेही असते, कारण माणूस कमी भरला तर ग्राहक त्या दिवसाचे पैसे बिलातून कापतो आणि काही करारांत त्यावर दंडही असतो. दोन-चार महिन्यांत कर्मचाऱ्यांनाही हे उमगते, आणि उत्कृष्ट कर्मचारी याचा अर्थ खाडा न करणारा कर्मचारी असा होऊन बसतो.

आता ज्यांचा खाडा होत नाही, ती माणसे कोण असतात ते पाहावे. घरी लहान मूल नाही, किंवा असेल तर सांभाळायला सासूबाई आहेत. घर साइटजवळ आहे. गावाकडची जबाबदारी धाकट्या भावावर आहे. त्यांच्या कष्टांबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण जिच्या मुलाला ताप आला, ज्याला वडिलांच्या दहाव्यासाठी लातूर किंवा बीडकडे जावे लागले, त्यांचा तो महिना त्याच दिवशी संपतो, मग उरलेल्या दिवसांत त्यांनी काम कितीही चोख केलेले असो. याहून वाईट परिणाम रुग्णालयाच्या साइटवर दिसला. अंगात ताप असताना वॉर्डात पोछा मारायला आलेल्या एका बाईंना घरी जाण्यास सांगितले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता की खाडा लागेल का. ज्या योजनेमुळे आजारी माणूस रुग्णांच्या खाटांमध्ये काम करायला येतो, ती योजना पुढे चालू ठेवणे मला योग्य वाटले नाही. हजेरीचा निकष काढून टाकता येतो आणि मी तो काढूनही पाहिला. मग निवड पुन्हा सुपरवायझरच्या मर्जीवर आली आणि कुरबुरी वाढल्या. इतरांना हे अधिक चांगले जमले असेल, ही शक्यता मी नाकारत नाही.

आधाराच्या मार्गात मी तीन गोष्टी धरतो, आणि त्यांतील पहिली, अडचणीच्या दिवसाची भरपगारी सुट्टी, या खटकणाऱ्या मुद्द्यालाच उत्तर देते. ईएसआयचा आजारपणाचा लाभ सरासरी दैनंदिन वेतनाच्या 70 टक्के दराने, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस मिळतो आणि त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान 78 दिवसांची वर्गणी जमा असावी लागते, हे आपल्याला ठाऊकच असेल. मात्र आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे त्यात मिळत नाहीत. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यासच ही अट सुटते. साफसफाईच्या कामातील आजारपणे तर बहुतेक दोन-तीन दिवसांचीच असतात: ताप, जुलाब, पाठ धरणे, केमिकलने हाताची कातडी सोलवटणे. म्हणजे ज्या दिवसांचा पगार बुडण्याची भीती सर्वांत जास्त असते, त्याच दिवसांना कोणाचेही संरक्षण नसते. ते दोन दिवस कंपनीने आपल्या खिशातून भरून द्यावेत, आणि त्यासाठी जवळजवळच्या साइट्स मिळून एक जादा रिलीव्हर (बदली कर्मचारी) कायम ठेवावा, अशी ही व्यवस्था आहे. साप्ताहिक सुट्टीचा रिलीव्हर सहा माणसांमागे एक या हिशेबाने दरपत्रकात धरलेला असतो. अचानकच्या खाड्यासाठी मात्र तेथे काहीच नसते आणि मग उपस्थित माणसालाच डबल ड्युटी करावी लागते. जादा रिलीव्हरचा पगार जड वाटतो हे खरे. पण बिलातील कपात आणि ऐनवेळी नाक्यावरून आणलेल्या अनोळखी माणसाच्या कामाबद्दलच्या तक्रारी, या दोन्ही कमी झाल्याने त्यातील बराच भाग भरून निघाला असे मला वाटते. काटेकोर हिशेब मी मांडलेला नाही.

दुसरी गोष्ट उचलीची. मर्यादा अर्ध्या महिन्याच्या पगाराची, परतफेड तीन-चार हप्त्यांत, व्याज नाही, आणि होकार किंवा नकार त्याच दिवशी ऑफिसमधून, सुपरवायझरकडून नव्हे. शेवटची अट मी मुद्दाम घातली. काही साइट्सवर सुपरवायझरच महिन्याच्या व्याजाने पैसे फिरवतात, आणि मग कोणाला कोणता मजला आणि कोणती पाळी मिळायची हे त्या उधारीवरून ठरते. उचल घेऊन काम सोडून गेलेले लोकही असतात. ती रक्कम खर्चात धरावी लागते, आणि ते ज्यांना जमणार नाही त्यांनी या भागाला हात घालू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. कागदपत्रे समजणारी एक व्यक्ती आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, पाळी बदलण्याच्या वेळी, साइटच्या चेंजिंग रूममध्ये येऊन बसते. आधार कार्डावर माहेरचे नाव आणि निर्वाह निधीच्या खात्यात सासरचे नाव, जन्मतारखेत फरक, ठेकेदार बदलला तसतसे निघालेले निर्वाह निधीचे एकाहून अधिक यूएएन (खाते) क्रमांक, ईएसआयच्या कार्डावर न चढवलेली मुले आणि नवरा, या चुका पुष्कळ कर्मचाऱ्यांच्या नावावर वर्षानुवर्षे पडून असतात. त्या कळतात त्या नेमक्या वाईट वेळी, बिबवेवाडीच्या किंवा चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात मुलाला घेऊन उभे राहिल्यावर. कामगार कल्याण निधीचेही तसेच आहे. जून आणि डिसेंबरमध्ये कामगाराचे 25 आणि मालकाचे 75 रुपये जमा होतात, पण कामगार कल्याण मंडळाकडून मुलांना शिष्यवृत्ती मिळू शकते हे पगाराच्या पावतीवरची कपात पाहणाऱ्या आईला कोणी सांगितलेले नसते. एका आईचा तो अर्ज मंजूर झाल्यावर त्या साइटवरील बायकांची त्या टेबलाशी जी रांग लागली, तिच्यामुळे माझे मत पक्के झाले.

येथे एक फरक निर्णय घेणाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावा. आपल्या व्यवसायात ठेका बदलला तरी माणसे बहुधा त्याच साइटवर राहतात आणि नव्या ठेकेदाराच्या मस्टरवर चढतात. जुन्या कंपनीच्या प्रशस्तिपत्राला नव्या कंपनीत काही वजन राहत नाही. दुरुस्त झालेले नाव, एकत्र झालेले निर्वाह निधीचे खाते आणि कार्डावर चढलेले कुटुंब मात्र त्या माणसाबरोबर जाते. पुण्यातील कचरावेचकांच्या संघटनेचा, 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचा, दाखला मला यासाठी महत्त्वाचा वाटतो. तिच्या सदस्यांच्या ओळखपत्राला महापालिकेची मान्यता मिळाली, तेव्हा रस्त्यावर संशयाने पाहिल्या जाणाऱ्या बाईला त्या एकाच कागदाने मानही मिळवून दिला आणि पुढच्या मागण्यांसाठी पायही रोवून दिला.

आधाराच्या मार्गाच्या उणिवा लपवण्याचे कारण नाही. ग्राहकाला त्यातले काहीच दिसत नाही. उचल घेणाऱ्याला आपले नाव उघड झालेले नको असते, त्यामुळे अहवालात लिहिण्यासारखे फारसे हाती लागत नाही. भरपगारी दिवसांचा गैरफायदा घेणारे थोडे लोक निघतात आणि त्यांच्याशी बोलणे अप्रिय असते. ज्यांच्याकडे एकच मोठे संकुल आहे, आणि जेथील व्यवस्थापक तिन्ही पाळ्यांतील माणसांना नावाने ओळखतो, तेथे मासिक सत्कार न्याय्य रीतीने चालू शकेल. नव्याने ताब्यात आलेल्या साइटवर, जुनी माणसे धास्तावलेली असताना, पहिल्याच महिन्यात छोटा कार्यक्रम घेणेही मला उचित वाटते. याव्यतिरिक्त बहुतेक ठिकाणी, विखुरलेल्या साइट्स आणि निम्म्याहून अधिक बायका असलेल्या कंपनीत तर निश्चितच, मी आधाराकडे झुकेन.

सुरुवात करायची असल्यास कागदपत्रांच्या टेबलापासून करावी, कारण त्यासाठी भांडवल लागत नाही. नंतर लहान मुले असलेल्या बायका जेथे जास्त आहेत त्या साइट्ससाठी रिलीव्हर ठेवावा, आणि उचल लेखी नियम तयार झाल्यावरच सुरू करावी. ग्राहकाच्या आग्रहामुळे सत्कार ठेवावाच लागला, तर तो दर महिन्याऐवजी सहा महिन्यांतून एकदा घ्यावा आणि मस्टर निवडीच्या टेबलावर आणू नये. रात्रपाळीचे नाव रात्रपाळीच्या माणसांनाच सुचवू द्यावे, आणि त्यांचा कार्यक्रम सकाळी पाळी सुटण्याआधी त्यांच्याच ड्युटीच्या वेळेत घ्यावा, म्हणजे दुपारच्या समारंभासाठी त्यांना झोपमोड करून यावे लागणार नाही.