मुलाची रंगदृष्टी तपासणी: घाई न करणारे डॉक्टर भेटले

लेक साडेचार वर्षांचा. झाडाची पानं तपकिरी रंगवायचा, जांभळा खडू मागितला की निळा द्यायचा. "लहान आहे, शिकेल," असं सगळे म्हणायचे. मला मात्र झोप लागेना. आधी मोबाइलवर चाचणी करून पाहिली. तसं करू नका, प्रत्येक स्क्रीनवर रंग वेगळे दिसतात.

शेवटी बालनेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्याला खिडकीच्या उजेडात बसवून डॉक्टरांनी इशिहारा तक्ते काढले, १९१७ पासून वापरात असलेले, रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेले. आकडे अजून वाचता येत नाहीत म्हणून नागमोडी वाटेचे तक्ते दाखवले. हातात कोरडा ब्रश दिला, कारण बोटं लागून छापील रंग खराब होतात. पहिली वाट त्याने सरसर गिरवली. दुसऱ्या तक्त्यावर ब्रश हवेतच थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. पोटात कालवलं माझ्या.

लाल-हिरव्यातला फरक त्याला कमी कळतो. नेमका प्रकार थोडा मोठा झाल्यावर पुन्हा तपासतील. डॉक्टरांनी कागदावर एक्स गुणसूत्र काढून दाखवलं, हा दोष त्यावरूनच येतो: मुलाला ते आईकडूनच मिळतं; मुलींकडे दोन असतात, म्हणून त्यांच्यात हे क्वचित. माझ्या वडिलांचे न जुळणारे मोजे तेव्हा आठवले. यावर इलाज नाही, पण हे वाढतही नाही, असं स्पष्ट सांगितलं. रंगीत चष्मे गळ्यात मारले नाहीत, याचं फार बरं वाटलं.

तक्रार एकच. शाळेसाठीची चिठ्ठी मागून घ्यावी लागली. ती आठवणीने मागा.