सेन्सपॉइंट एक्ससीडी: कॅलिब्रेशनला सोपा, पण हिरव्या डिस्प्लेवर विसंबू नका

बॉयलर हाउस किंवा गॅस स्किडवर (एका चौकटीवर बसवलेल्या गॅसच्या यंत्रणेवर) ज्वलनशील वायूसाठी कायमचा डिटेक्टर बसवायचा असेल, तर देखभालीच्या दृष्टीने हनीवेलचा सेन्सपॉइंट एक्ससीडी घेण्यासारखा आहे. काचेवर चुंबकाची कांडी टेकवली की मेनू चालतो. झाकण उघडावं लागत नाही, त्यामुळे फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरच्या वायूला पेटवू न देणारा) बंदिस्तपणा टिकतो आणि एकट्या तंत्रज्ञाला काम उरकता येतं. कॅलिब्रेशन मोडमध्ये, म्हणजे माहीत असलेला वायू देऊन रीडिंग जुळवताना, आउटपुट इनहिबिट होतो: खोटा अलार्म जाऊ नये म्हणून सिग्नल एका ठरावीक करंटवर रोखला जातो. तरीही कंट्रोल रूमला आधी कळवा, कारण इनहिबिटचा करंट २ मिलीअँपिअरवर ठेवलेला असेल तर पीएलसी (सिग्नल वाचणारा कंट्रोलर) त्याला फॉल्ट समजू शकतो.

खरी काळजी कॅटॅलिटिक सेन्सरची घ्यावी लागते. हा सेन्सर तापवलेल्या छोट्या मण्यावर वायू जाळून त्याचं प्रमाण मोजतो. जवळपास सिलिकॉनचं सीलंट, स्प्रे किंवा ग्रीस वापरलं की या मण्यावर थर बसतो आणि त्याची संवेदना मरते. अशा वेळी शून्य बरोबर दिसतं, डिस्प्ले हिरवाच राहतो, फॉल्ट येत नाही. आणि गळती झाली तरी आकडा वर चढत नाही. हे फक्त गॅस सोडूनच कळतं. म्हणून सहा महिन्यांनी कॅलिब्रेशन आणि मध्ये नियमित बम्प टेस्ट (थोडा गॅस देऊन डिटेक्टर प्रतिसाद देतो का ते पाहणं), यात सवलत नको. वायू ओळखायला या सेन्सरला ऑक्सिजनही लागतो. नायट्रोजन भरलेल्या जागेसाठी इन्फ्रारेड सेन्सर निवडा.

झीरो करताना (स्वच्छ हवेत आकडा शून्यावर जुळवताना) हवा स्वच्छ असल्याची खात्री नसेल तर सिंथेटिक एअरचा सिलिंडर लावा, नायट्रोजनचा नको. मग वेदर कॅप काढून कॅलिब्रेशन कॅप बसवा. रेग्युलेटर मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रवाहाचाच हवा आणि नळी आखूड. आकडा चढताना घाईने स्पॅन (सिलिंडरच्या गॅसवर जुळवलेला वरचा आकडा) स्वीकारला तर पुढे डिटेक्टर सतत जास्त दाखवतो; रीडिंग पूर्ण स्थिरावू द्या. गॅस बंद केल्यावर आकडा शून्यावर येईपर्यंत मेनूतून बाहेर पडू नका, नाहीतर सायरन वाजेल.

सर्रास चूक होते ती सिलिंडरच्या लेबलवर. डिटेक्टर आकडा एलईएलच्या टक्क्यांत दाखवतो; एलईएल म्हणजे हवेत वायू पेटू शकेल असं त्याचं किमान प्रमाण. मिथेनचं एलईएल ५ टक्के धरल्यास २.५ टक्के मिथेन म्हणजे ५० टक्के एलईएल, पण ४.४ टक्के धरल्यास जवळपास ५७. डिटेक्टर कोणत्या मापाने सेट आहे ते पाहूनच स्पॅनचा आकडा भरा. एलपीजीसाठी मिथेनवर कॅलिब्रेट करणं आम्हाला पटत नाही: प्रोपेनला सेन्सरचा प्रतिसाद कमी असतो, म्हणजे खरी गळती कमी दिसते. प्रोपेनचाच सिलिंडर घ्या.

ऑर्डर देताना कांडी, कॅलिब्रेशन कॅप आणि एक जादा सेन्सर कार्ट्रिज कोटेशनमध्ये आहे का ते तपासा. डिटेक्टर फार उंच बसवणार असाल तर खालून गॅस सोडण्यासाठीची नळीही त्यातच मागून घ्या, म्हणजे बम्प टेस्टसाठी दर वेळी शिडी लावावी लागणार नाही.