जुनं सीएनसी मशीन विकताय? पैसे खात्यात दिसेपर्यंत हायड्रा क्रेन बोलावू नका

भोसरीतल्या आमच्या फर्निचर वर्कशॉपमधलं सीएनसी राउटर मशीन (कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कापायचं, कोरायचं मशीन) खोट्या आरटीजीएस पावतीवर, म्हणजे मोठी रक्कम बँकेतून पाठवल्याच्या पावतीवर, उचलून नेलं. 1325 साइजचं, आठ बाय चार फुटांचा अख्खा शीट बेडवर बसायचा. 9 किलोवॅटचा स्पिंडल (कापायचं टूल फिरवणारी मोटर), शीट हवेच्या ओढीने धरून ठेवणारा व्हॅक्यूम बेड. सौदा साडेसहा लाखांना ठरला, वर 18 टक्के जीएसटी. टोकनचे 50 हजार खरोखर जमा झाले. उरलेले 7 लाख 17 हजार आलेच नाहीत.

बघायला आलेला माणूस कामातला वाटावा असाच होता. त्याने स्पिंडल हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकला, गाइडवर बोट फिरवून ग्रीस पाहिलं, एमडीएफच्या तुकड्यात गोल कापायला लावला आणि व्हर्नियरने तो आडवा-उभा मोजला. भावावरून भरपूर घासाघीस केली. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत तो भाव कशाला पाडेल, असं कुणालाही वाटेल. त्याने दिलेला जीएसटी नंबर पोर्टलवर चालू होता, नाव-पत्ताही जुळत होता. पण तो नंबर निघाला दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचा, आणि त्या बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. नंबर खरा आहे एवढंच पोर्टल सांगतं, समोर बसलेला माणूस त्याचा मालक आहे की नाही ते सांगत नाही. नोंदणीच्या पत्त्यावर कुणाला तरी पाठवा, नाहीतर त्या फर्मचा फोन स्वतः शोधून लावा. व्हिजिटिंग कार्डावरचा नको.

शनिवारी संध्याकाळी हायड्रा आणि ट्रक आला. मशीन वर चढत असतानाच पावतीची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आली. "शेठ, आज शनिवार ना, सोमवारी बँक उघडली की दिसतील." असं कुणी म्हणालं की तिथेच लोडिंग थांबवा. 14 डिसेंबर 2020 पासून आरटीजीएस चोवीस तास चालतं, रविवारीही आणि सुट्टीलाही. पैशाचा निरोप पोचल्यावर अर्ध्या तासात ते खात्यात टाकणं बँकेवर बंधनकारक आहे. सोमवारची वाट बघायचं कारणच नसतं.

पावती खोटी कशी, ते बँकेतल्या मॅडमनी स्क्रीनवर मोठी करून दाखवलं. आरटीजीएसचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, 22 अक्षरांचा असतो. आधी बँकेची चार अक्षरं, मग 'आर' आणि आणखी एक अक्षर, त्यानंतर वर्ष, महिना, दिवस, आणि शेवटी आठ अंक. आमच्या पावतीवर वरच्या कोपऱ्यात शनिवारची तारीख होती, पण यूटीआरमधली तारीख कितीतरी महिने जुनी. कुणाची तरी खरी पावती घेऊन नाव आणि रक्कम तेवढी बदलली होती. तरी नुसत्या यूटीआरवर विसंबू नका, उद्या हे लोक तारीखही बरोबर टाकतील. आपल्या खात्यातली शिल्लक वाढलेली दिसली तरच पैसे आले.

पोलीस ठाण्यात आधी "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा" असं ऐकावं लागलं. उधारी थकली असती तर ते बरोबर होतं. पण बनावट पावती दाखवून माल नेणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. पावतीची प्रिंट आणि पैसे जमा नसल्याचं बँकेचं पत्र पुढे ठेवल्यावर तक्रार घेतली गेली.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते जीएसटीचं. बिल फाडलेलं असल्याने 1 लाख 17 हजारांचा कर आम्हालाच भरावा लागला. घेणाऱ्याने पैसे बुडवले तरी विकणाऱ्याला त्यात सूट नाही. छोट्या कारखानदारावर हा सरळसरळ अन्याय आहे, आणि तो बदलेपर्यंत आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, द्या; टॅक्स बिल आणि ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद) पैसे आल्यावरच.

जुनं मशीन घेणाऱ्यांनीही मूळ खरेदीचं बिल मागावं आणि स्पिंडलच्या पट्टीवरचा नंबर त्याच्याशी ताडून बघावा. चोरीचा माल निघाला तर तो जप्त होतो आणि तुमचे पैसेही अडकतात. आमच्या मशीनच्या गॅन्ट्रीच्या (बेडवरून सरकणाऱ्या आडव्या कमानीच्या) डाव्या खांबाला वेल्डिंगचा जोड आहे, त्यावर हिरवा रंग मारलेला. असं मशीन कुणी स्वस्तात दाखवलं तर फोटो काढून घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.