सोमाली चाचे: नौदलाची गस्त की जहाजावरच बंदूकधारी?

2008पासून भारतीय नौदल सोमालियाजवळच्या एडनच्या आखातात गस्त घालतंय. पण समुद्र अफाट. युद्धनौका पोहोचेपर्यंत चाचे शिडी लावून वर चढलेले असतात. जहाजावरच बंदूकधारी असले तर चाचे सहसा दुरूनच मागे वळतात. खर्च मालकाच्या खिशातून, हे वेगळं.

तरी माझा कौल गस्तीला. फेब्रुवारी 2012मध्ये ‘एनरिका लेक्सी’ या तेलवाहू जहाजावरच्या इटालियन नौसैनिकांनी केरळजवळ दोन भारतीय मच्छीमारांना चाचे समजून मारलं. ते तर सरकारी सैनिक. खासगी पहारेकऱ्यांना जाब कोण विचारणार?

शिवाय अडकलेले खलाशी सोडवायला नौदलच लागतं. मार्च 2024मध्ये भारतीय नौदलानं चाच्यांनी पळवलेल्या ‘रुएन’ या मालवाहू जहाजावरचे 17 जण सोडवले आणि 35 चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले.