श्रद्धेच्या संगोपनासाठी कोणती शाळा? ख्रिस्ती पालकांसाठी तुलनात्मक आढावा

महाराष्ट्रातील ख्रिस्ती घरात मुलाच्या शाळाप्रवेशाचा विषय निघाला की माध्यम, शिस्त, फी आणि घरापासूनचे अंतर यांच्या जोडीला आणखी एक अपेक्षा व्यक्त होते. मूल आपल्या माणसांच्या शाळेत गेले, तर त्याची श्रद्धाही तिथेच रुजेल आणि वाढेल, असे पालकांना वाटते. ही अपेक्षा रास्त असली, तरी दारावर क्रूस असलेल्या प्रत्येक शाळेकडून ती सारखीच पुरी होत नाही, कारण शाळा कोणत्या परंपरेची आहे, तिला शासनाचे अनुदान मिळते का, तिथे ख्रिस्ती मुले किती आहेत आणि धर्मशिक्षणाचे काम नेमके कोण करते, यांवर तिथला अनुभव अवलंबून असतो. येथे तीन पर्यायांची तुलना केली आहे: कॅथलिक संस्थांनी चालवलेली शाळा, प्रोटेस्टंट मंडळ्यांची (स्थानिक चर्चची) किंवा मिशनची शाळा, आणि जवळची कोणतीही चांगली शाळा, जिच्या जोडीला घरची प्रार्थना आणि मंडळीची शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारचा मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, असेल.

तुलनेआधी कायद्याची चौकट समजून घ्यावी, कारण अनेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. संविधानाच्या अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा अधिकार आहे. अनुच्छेद २८ मात्र दोन मर्यादा घालतो. जी संस्था पूर्णपणे शासनाच्या निधीतून चालते, तिथे धर्मशिक्षण देता येत नाही. आणि जी संस्था शासनमान्य किंवा अनुदानित आहे, तिथे कोणत्याही विद्यार्थ्याला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान झालेला नसेल, तर पालकांच्या संमतीवाचून, बसवता येत नाही. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत बायबलचा तास असण्याचा प्रश्नच येत नाही, आणि मिशनच्या शाळेत तो असला तरी सर्व वर्गासाठी सक्तीचा असू शकत नाही. ही मर्यादा मला श्रद्धेच्या दृष्टीने हिताचीच वाटते. सक्तीने म्हटलेली प्रार्थना मुलाच्या मनात फार काळ टिकत नाही.

कॅथलिक शाळेचे सर्वांत मोठे बळ म्हणजे तिची ठरलेली रचना. मुंबई, वसई, पुणे, नागपूर येथील बहुतेक कॅथलिक शाळांत इतर धर्मांचे विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात, त्यामुळे मूल्यशिक्षणाच्या तासिकेला वर्ग विभागला जातो: कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला बसतात आणि बाकीची मूल्यशिक्षणाच्या पुस्तकाकडे वळतात. प्रथम ख्रिस्तप्रसाद (उपासनेत पवित्र भाकर पहिल्यांदा घेणे) साधारण तिसरी-चौथीच्या वयात आणि दृढीकरण (बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणारा संस्कार) किशोरवयात होत असल्यामुळे शाळेतील शिकवणीला धर्मग्रामातील, म्हणजे स्थानिक कॅथलिक चर्चमधील, संस्कारांची साथ मिळते. शाळा आणि धर्मग्राम एकाच आवारात असतील, तर मुलाला शिकवणारी सिस्टर त्याला रविवारी मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेतही, भेटते. ही सलगता दुसऱ्या कोणत्याही पर्यायात इतक्या सहज मिळत नाही. काही धर्मग्रामांनी धर्मशिक्षण आता शाळेतून काढून रविवारच्या वर्गांत नेले आहे. तसे असेल तर शाळेच्या या गुणाचा भार मुख्यतः धर्मग्रामावर पडतो, हे प्रवेशाआधी विचारून घ्यावे.

सगळ्या कॅथलिक शाळा एकसारख्या नसतात, आणि हा फरक पालक सहसा विचारात घेत नाहीत. मुंबईचे सेंट झेवियर्स, वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस किंवा पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स या जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाच्या, परंपरेतील शाळा आहेत. या परंपरेचा पाया संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी घातलेल्या आत्मपरीक्षणाच्या प्रार्थनेत आहे: दिवसाकडे मागे वळून पाहायचे, त्यात कृतज्ञता कशाबद्दल वाटते आणि आपण कुठे चुकलो हे देवासमोर पाहायचे, आणि उद्यासाठी कृपा मागायची. माटुंग्याचे डॉन बॉस्को ही सलेशियन, म्हणजे जॉन बॉस्को यांच्या धर्मसंघाची, शाळा आहे. इटलीतील तुरिन शहरात गरीब मुलांसाठी आयुष्य वेचणारे जॉन बॉस्को (१८१५–१८८८) यांची पद्धत विवेक, धर्म आणि ममता या तिन्हींवर उभी आहे, आणि शिक्षकाने मैदानावरही मुलांसोबत असावे असा तिचा आग्रह आहे. अंतर्मुख, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला पहिली पद्धत मानवते. ज्याला माणसांच्या सहवासातून गोष्टी उमगतात, त्याला दुसरी. परंपरा कागदावर आहे की आजही पाळली जाते, हे मात्र प्रत्येक शाळेत स्वतः जाऊन पाहावे लागते, कारण धर्मगुरू आणि धर्मभगिनींची संख्या कमी झाल्यावर हे काम ज्या सर्वसामान्य शिक्षकांकडे आले, त्यांची तयारी करून घेतली आहे की नाही यावर सगळे अवलंबून असते. अनेक शाळांत ‘यंग ख्रिश्चन स्टुडंट्स’ या चळवळीचे गट असतात. पाहा, पारखा आणि कृती करा हा बेल्जियमचे जोसेफ कार्डिन यांनी रुजवलेला क्रम त्यांत वापरला जातो. मोठ्या मुलांच्या श्रद्धेला हाताशी काम देण्याचा हा चांगला मार्ग आहे, म्हणून असा गट शाळेत आहे का, हे जरूर पाहावे.

प्रोटेस्टंट कुटुंबाने कॅथलिक शाळा निवडताना एका गोष्टीचा आधीच विचार करावा. धर्मशिक्षणाच्या तासाला त्यांचे मूल कुठे बसणार? अनेकदा ते मूल्यशिक्षणाच्या वर्गात जाते, म्हणजे ख्रिस्ती शाळेत असूनही त्या तासाला त्याच्या वाट्याला ख्रिस्ती शिकवण येत नाही. शाळेच्या मिस्सेत ते गाणी गाईल, वाचन ऐकेल, पण ख्रिस्तप्रसाद घेणार नाही, कारण कॅथलिक नियम प्रोटेस्टंटांना तो सर्वसाधारणपणे देत नाहीत. आठ वर्षांच्या मुलाला सगळ्या मित्रांबरोबर पुढे जाता न येणे जड जाऊ शकते. ज्या घरात आईवडील याविषयी शांतपणे आणि दुसऱ्या परंपरेबद्दल आदर ठेवून बोलतात, तिथे हाच अनुभव मुलाला आपली परंपरा नीट समजून घ्यायला लावतो. जिथे बोललेच जात नाही, तिथे मूल स्वतःला पाहुणा समजू लागते. हा मुद्दा माझ्या मते फी आणि अंतर यांपेक्षा जास्त वजनाचा आहे.

प्रोटेस्टंट शाळांचा वारसा महाराष्ट्रात जुना आहे. १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे आपले मोठे केंद्र केले. याच मिशनच्या सिंथिया फेरार १८२७ मध्ये भारतात आल्या आणि त्यांनी मुलींच्या शिक्षणाला वाहून घेतले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन सुरू केले आणि नंतर केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. या शाळांनी आणि त्यांच्या बोर्डिंगांनी मराठी ख्रिस्ती समाजाच्या कित्येक पिढ्या घडवल्या, आणि त्यांचा कणा होता तो रोजचे पवित्र शास्त्राचे वाचन, पाठांतर आणि संध्याकाळची सामूहिक प्रार्थना. आजही चांगल्या प्रोटेस्टंट शाळेची ओळख शास्त्रवाचनावरून पटते. शुभवर्तमानातील उतारा मुलाने स्वतः वाचायचा आणि त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगायचा, ही सवय लागली तर ती जन्मभर पुरते. मुलांना बायबलवाचनाची सवय लावणाऱ्या स्क्रिप्चर युनियन या संस्थेची शिबिरे आणि मे महिन्याच्या सुट्टीतील बायबल शाळा याच सवयीला पुढे नेतात.

या पर्यायाची कमजोरी त्याच्या असमानतेत आहे. एखाद्या शाळेत पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मोपदेशक, दर आठवड्याला येतात, मुलांना नावाने ओळखतात, घरी भेट देतात; शेजारच्या तालुक्यातील त्याच मंडळीच्या शाळेत परिपाठातील एका प्रार्थनेपलीकडे काही उरलेले नसते. धर्मग्रामासारखी सर्वत्र सारखी रचना नसल्यामुळे एका शाळेच्या कीर्तीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये. पुण्याचे बिशप्स किंवा पाचगणीचे सेंट पीटर्स यांसारख्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, परंपरेतील जुन्या इंग्रजी शाळांत चॅपल आणि उपासनेची रीत आहे, पण मराठी मंडळीतून आलेल्या मुलासाठी ते जग भाषेने आणि राहणीने वेगळे असते. निवासी शाळेबाबत माझे मत स्पष्ट आहे: श्रद्धा घडावी या एकाच कारणासाठी लहान मुलाला घरापासून दूर ठेवू नये. शिक्षणाची दुसरी सोय नसेल किंवा घरची परिस्थितीच तशी असेल, तर गोष्ट वेगळी.

भाषेचा प्रश्न दोन्ही पर्यायांना लागू आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मूल इंग्रजीत प्रार्थना शिकते, इंग्रजीत गाणी गाते, आणि रविवारी आजीच्या शेजारी बसून नारायण वामन टिळकांचे भजन ऐकते तेव्हा त्याला शब्द लागत नाहीत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाची आणि कीर्तनाची वाट मोकळी करून दिली. त्यांच्याही आधी, सतराव्या शतकाच्या आरंभी, गोव्यात थॉमस स्टीफन्स यांनी येशूचे चरित्र मराठी ओव्यांत गायले होते. ज्या मुलाला हे उमजत नाही, ते देवाशी एका भाषेत बोलते आणि घरच्यांशी दुसऱ्या भाषेत, आणि दुःखाच्या प्रसंगी, जेव्हा घरातले सगळे मिळून प्रार्थना करतात, तेव्हा ते बाजूला पडते. वसईत मिस्सा मराठीत होते, गाणीही मराठीत असतात, तरी मुले इंग्रजी शाळांकडे वळत आहेत, आणि म्हणून तिथल्या पालकांसमोरही हाच प्रश्न आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची निवडावी, त्यात काही वावगे नाही. मात्र मग मराठी शुभवर्तमान मोठ्याने वाचण्याचा आणि भजने शिकवण्याचा भार घराने उचलला पाहिजे. मराठी माध्यमाची मिशन शाळा आवाक्यात असेल, तर या एका निकषावर ती इतर सर्वांपेक्षा सरस ठरते.

तिसरा पर्याय, म्हणजे साधी शाळा आणि जोडीला घर व शब्बाथ शाळा, याला पालक नाइलाज समजतात. मला तो तसा वाटत नाही. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, शिक्षणाविषयी जो जाहीरनामा दिला, त्यातही आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक मानले आहेत. गावात मिशन शाळा नसेल किंवा असून तिची अवस्था बरी नसेल, तर जिल्हा परिषदेच्या चांगल्या शाळेत शिकणारे, घरी रोज रात्री प्रार्थनेला बसणारे आणि रविवारी शब्बाथ शाळेत रमणारे मूल कशालाही मुकत नाही. या पर्यायाची खरी अडचण वेगळी आहे: आठवड्याला एका तासाची शब्बाथ शाळा पुष्कळदा तयारी नसलेल्या, उत्साही पण थकलेल्या तरुणांवर सोडलेली असते, आणि मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की तिथे येणेच थांबवते. वर्गात एकटेच ख्रिस्ती असलेल्या मुलाला त्याच्या प्रश्नांसाठी घराबाहेरचे एखादे विश्वासू मोठे माणूस लागते. ते मंडळीत नसेल, तर पालकांनी ते मिळवून द्यावे लागते. आठवीनंतर शाळा बदलण्याचा विचार करणाऱ्यांसाठी हेच सर्वांत प्रामाणिक कारण असू शकते.

इतर धर्मांच्या वर्गमित्रांविषयीची काळजी अनेक पालक दबक्या आवाजात बोलून दाखवतात. मिश्र वर्गाने श्रद्धा पातळ होते, असे मला वाटत नाही. २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांना दिलेल्या सूचनांत इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, आणि परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचावी, असे सांगितले. ज्या शाळेत हिंदू, मुस्लिम, बौद्ध मुलांचा मान राखला जातो, तिथे ख्रिस्ती मूल शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा रोज आचरणात येताना पाहते.

प्रवेशाच्या भेटीत मुख्याध्यापकांना काही गोष्टी सरळ विचाराव्यात. ख्रिस्ती मुलांच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी कोणत्या शिक्षकाकडे आहे, आणि त्यांना भेटता येईल का? वेळापत्रकात तो तास आहे, की परीक्षा जवळ आल्या की तो गणिताला दिला जातो? मुलाने ‘माझी प्रार्थना देव ऐकत नाही’ असे म्हटले, तर त्याच्याशी कोण बोलते? धर्मगुरू किंवा पाळक शाळेत वर्षातून एकदा नाताळच्या कार्यक्रमाला येतात, की मुलांमध्ये नियमित असतात? शेवटच्या दोन प्रश्नांच्या उत्तरात एखाद्या माणसाचे नाव पुढे आले, तर ती शाळा कोणत्याही परंपरेची असो, माझ्या दृष्टीने ती विचारात घेण्याजोगी आहे. उत्तरात केवळ शाळेचा इतिहास आणि निकालाची टक्केवारी आली, तर जवळची शाळा निवडून वाचलेला प्रवासाचा वेळ घरच्या प्रार्थनेला द्यावा.

एकाच कुटुंबातील दोन मुलांसाठी वेगळा निर्णय घेण्यातही काही गैर नाही. थोरल्याला सलेशियन शाळेचे मैदान मानवले म्हणून धाकटीलाही तेच मानवेल असे नाही. तिला कदाचित मराठी मिशन शाळेतील लहान वर्ग आणि गाण्याच्या बाई अधिक जवळच्या वाटतील. निर्णय पाचवीत आणि पुन्हा आठवीत तपासून पाहावा, आणि आठवीत तपासताना मुलालाही त्या चर्चेत बसवावे.